मोठ्यानं म्हटलेलं आमेन

९ फेब्रुवारी

प्रिय ठिणगी,

फोन तू उचलत नाहीस. जावईबापू उचलतात आणि "ती अंघोळीला गेलीय" म्हणतात. दिवसभर अंघोळच करणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. शेवटी काल त्यांनीच बिचाऱ्यांनी दबक्या आवाजात सांगितलं, "आई, तुम्ही पत्र लिहा. पत्र ती फाडत नाही." म्हणून हा कागद. रागावलीस तरी चालेल, फाडू नकोस, माझी बोटं आता लिहिताना दुखतात.

मावशीनं तुला जे सांगितलं ते खरं आहे. तिनं जन्मात पहिल्यांदाच एखादी गोष्ट तिखटमीठ न लावता सांगितली, आणि ती नेमकी हीच. ज्या माणसाच्या व्हॅनखाली तुझे बाबा गेले, तो शिक्षा भोगून बाहेर आलाय आणि माझ्याकडे गाडी शिकायला येतोय. आपल्याच गाडीत, बाबांच्या गाडीत.

तू म्हणालीस, "तो त्या गाडीत बसतो तोवर मला तुझं तोंड बघायचं नाही. आणि माझं बाळही तुला दाखवणार नाही." आणि फोन आपटलास. हल्लीचे फोन आपटता येत नाहीत म्हणतात, पण तुला जमलं. बाबांनी तुला ठिणगी उगाच म्हटलं नव्हतं.

आता हे झालं कसं ते माझ्याकडून ऐक. आपल्या चर्चचे पाळक नवे आहेत, गेल्या वर्षी आलेत. मुलगा चांगला आहे, मिशी ठेवावी की काढावी हे अजून ठरत नाहीये त्याचं, पण मन स्वच्छ. बुधवारच्या प्रार्थनेत ते बरंच लांबवतात. मी डोळे मिटून क्लचप्लेटचा विचार करत होते, खोटं कशाला बोलू. ते प्रभूला सांगत होते की एक माणूस तुरुंगातून सुटलाय, त्याचं लायसन्स रद्द झालंय, पुन्हा परीक्षा दिल्याशिवाय काम मिळत नाही, आणि कुणी त्याला शिकवायला घेत नाही, तर प्रभू, तू कुणाला तरी उभं कर. एवढं बोलून ते थांबले. आणि मी सवयीनं म्हटलं, "आमेन!"

माझं आमेन तुला ठाऊक आहे. बाबा म्हणायचे, हिच्या आमेननं छपरावरची कबुतरं उडतात. सगळ्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. साऱ्या मंडळीत गाडी शिकवणारी मी एकटी. पाळकांचे तर डोळेच भरून आले. "ताई," म्हणाले, "प्रार्थनेचं उत्तर इतक्या झटपट मी कधी पाहिलं नव्हतं." तो माणूस कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याचा आपल्याशी काय संबंध हे त्यांनाही माहीत नव्हतं. ते ह्या गावात आले तेव्हा तो खटला जुना झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पत्त्याची चिठ्ठी घेऊन ऑफिसात आला. आपलं ऑफिस बाबांच्या मागे मी बेकरीच्या पाठीमागच्या खोलीत हलवलं ना, पाटीही बदलली, त्यामुळे त्यालाही कळलं नव्हतं. मी वाहतुकीच्या खुणांच्या तक्त्यावरची धूळ पुसत होते. वळले तर हा दारात. त्यानं मला आधी ओळखलं. रंग उडाला त्याचा. "चुकलो," म्हणाला, "मला माहीत नव्हतं. जातो मी." आणि वळून दार ढकलायला लागला.

ते दार आत ओढायचं असतं, तुला माहीत आहे. सगळे ढकलतात. तोही ढकलत राहिला. खांद्यानं ढकललं, मग दोन्ही हातांनी. त्याची पाठ माझ्याकडे होती आणि मान लाल झाली होती. आणि मी म्हटलं, "बसा."

दार लगेच उघडलं असतं तर तो गेला असता, आणि मी आज तुझ्या बाळाचे मोजे विणत तुझ्याशी फोनवर बोलत बसले असते. पण मी बसा म्हटलं, आणि तो बसला. एवढंच झालं. गोळ्या वेळेवर घे.

तुझी आई

२३ फेब्रुवारी

प्रिय ठिणगी,

पाळकांना मावशीनं सांगितलं. (मावशीला आपण पगार द्यायला हवा.) ते धावत आले, चपला उलट्यासुलट्या. माझ्यासमोर बसून रडले. म्हणाले, "ताई, मला कल्पना नव्हती. मी तुम्हाला ह्यातून मोकळं करतो." मी त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, "तुम्ही कसं मोकळं कराल? मी आमेन तुम्हाला म्हटलं नव्हतं."

बोलताना मला फार बरं वाटलं. वाक्य चांगलं जमलं होतं. ते गेल्यावर मी दार लावलं आणि स्वतःच्या जिभेला शिव्या दिल्या. चांगला मोकळा होत होता जीव, आणि मी मोठेपणा मिरवायला गेले.

तुला वाटत असेल, आई संत झाली. अगं कसली संत? तो आला की मी आधी घड्याळ बघते. तास संपायची मी वाट बघते. त्याच्याशी मी फक्त गाडीचं बोलते. आरसा बघा, क्लच दाबा, इंडिकेटर. त्याला हाक काय मारायची हाही प्रश्नच आहे. पाळक त्याला "आपले बंधू" म्हणतात, माझ्या तोंडातून ते निघत नाही. नाव घेववत नाही. "अहो" म्हणायला लागले तर ते मी एकाच माणसाला म्हणायचे. शेवटी मी "व्हॅनवाले" म्हणते. त्याला ते लागतं हे मला कळतं. तरी म्हणते.

गाडी त्याला येत नाही असं नाही, इतकी वर्षं चालवलीय. पण चौक आला, रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसले, की त्याचा पाय बधिर होतो. खरोखर बधिर, दगडासारखा. बेकरीवाल्यानं त्याला पावाची गाडी चालवायचं काम देऊ केलंय, लायसन्स आणलं तर. दुसरं काम त्याला येत नाही. गावातल्या बाकीच्या शिकवणीवाल्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं, बाबांच्या आठवणीखातर. बाबांवर माया करणारी माणसं ती. त्यांचं मला वाईट वाटत नाही, उलट हेवा वाटतो.

प्रभूचं एक बोलणं मला लहानपणापासून आवडत नाही. तेच, लेकीसुनांहून जास्त माझ्यावर जीव लावा, नाहीतर माझ्या मागं येऊ नका, अशा अर्थाचं. रविवारच्या वर्गात बाई ते वाचायच्या तेव्हा मी खिडकीबाहेर बघायची. आता ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलंय. काल भांडी घासताना मी त्याला सरळ सांगितलं, मोठ्यानं, की हे बघ, मला शिष्य व्हायचं नाहीये, मला आजी व्हायचंय. शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, "कुणी आलंय का?" मी म्हटलं, "नाही हो, रेडिओ."

तू रागावलीस त्यात तुझं काही चुकत नाही. एवढंच सांगायला बसले होते आणि बघ किती लांबलं.

तुझी आई

१८ मार्च

प्रिय ठिणगी,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. जावईबापूंनी कळवलं की पाय सुजतात, पण डॉक्टरीणबाई काळजीचं नाही म्हणाल्या. पायाखाली उशी घे. माझेही तुझ्या वेळी असेच भोपळे झाले होते आणि बाबा त्यांना "चाकं" म्हणायचे.

आज एक सांगायचंय. सांगू की नको असं आठवडाभर चाललं होतं, पण बाबा तुझेही होते, मी एकटीनं ठेवून घेणं बरं नाही.

बाबा रस्ता ओलांडताना काय करायचे आठवतं? गाडी थांबायच्या आधीच हात वर करून तिचे आभार मानायचे. तुला लाज वाटायची. "बाबा, ती थांबली तरी आहे का?" म्हणायचीस. ते म्हणायचे, "आधी आभार मानले की माणसाला थांबावंच लागतं."

गेल्या आठवड्यात एका चौकाच्या अलीकडे गाडी बंद पडली. मागं कुणी नव्हतं. तो स्टिअरिंगला धरून बसला होता आणि न विचारता बोलला. म्हणाला, "त्यांनी हात वर केला होता. मी मोबाइलवर पुढच्या पार्सलचा पत्ता बघत होतो. मान वर केली तर त्यांचा हात दिसला. मला वाटलं, ओळखीचं कुणीतरी आहे, मला हात करतंय. मी पण हात वर केला. ब्रेकच्या ऐवजी हात वर केला मी." मग म्हणाला, "कोर्टात हे कुणी विचारलं नाही. ते हसत होते."

मी फक्त गाडी चालू करा म्हटलं. घरी आल्यावर मात्र जिन्यातच बसले आणि पोटभर रडले. मला इतकी वर्षं वाटायचं की त्या शेवटच्या क्षणी ते घाबरले असतील. ते घाबरले नव्हते, ठिणगे. ते कुणाचे तरी आभार मानत होते.

हे तो माणूस आला नसता तर मला कधी कळलं नसतं. म्हणून मी त्याला माफ केलं असं समजू नकोस. उलट दोन दिवस मला त्याचा जास्तच राग आला, की माझ्या माणसाचं शेवटचं हसू ह्याच्याजवळ होतं आणि माझ्याजवळ नव्हतं.

तुझी आई

८ एप्रिल

ठिणगे, माझ्या बाळा,

तुझं पत्र आलं! चार ओळींचं असेना का. अक्षर अजून बाबांसारखंच तिरकं. मी ते पोस्टमनच्या समोरच फोडलं आणि त्यालाच बिस्किटं दिली.

मावशीनं सांगितलं ते बरोबर आहे, तो परवा परीक्षेत नापास झाला. चौकात गाडी थांबायच्या ऐवजी हळूहळू पट्ट्यांवर गेली. माणूस कुणी नव्हतं म्हणून बरं. परीक्षकांनी तिथंच खाली उतरायला सांगितलं. मी काय करणार? मी शिकवायचं ते शिकवलं. घोड्याला पाण्यापर्यंत नेता येतं, प्यायचं त्यानं.

तू लिहिलंयस, "तू तुझं केलंस आई, आता पुरे. संपलं एवढं लिही आणि महिनाअखेरीच्या आधी ये. मला भीती वाटते." अगं वेडे, भीती वाटते हे आधी नाही का सांगायचं! लिहिते, मोठ्या अक्षरात लिहिते. संपलं. बॅग पलंगावर उघडून ठेवलीय. मोजे, टोपी, तुझी जुनी दुलई, सगळं भरतेय. शिकवण्या शेजारच्या शिक्षकाकडे सोपवते. वीस तारखेची बस बघते.

हे पत्र आत्ताच पेटीत टाकते, म्हणजे संध्याकाळच्या टपालानं निघेल.

तुझी, तुझी, तुझी आई

९ एप्रिल

ठिणगी,

कालचं पत्र तुला मिळेल तेव्हा हे त्याच्या मागोमाग येईल. आधी हेच हाती पडलं असतं तर बरं झालं असतं. जे लिहायला बसलेय ते लिहवत नाही.

आज सकाळी तो ऑफिसात आला होता. गाडीला लावायची शिकाऊ पाटी त्याच्याकडे राहिली होती, ती पुसून आणली होती. म्हणाला, "आता मी येत नाही. तुमच्या मुलीचे दिवस भरत आलेत असं पाळक म्हणाले. तुम्ही जा. मी दुसरं काही काम बघतो." माझं मन घरच्या बॅगेतच होतं, अर्धं लक्ष त्याच्याकडे. म्हटलं, "बरं." आणि वर शहाणपणा शिकवला, की पट्टे समोर दिसत असताना ब्रेक का नाही दाबलात?

तो म्हणाला, "मला वाटलं, ब्रेक लागेल."

"लागेल म्हणजे? आपोआप?"

"तुमच्याबरोबर असताना लागतो ना."

ठिणगे, शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तुला माहीत आहे, त्यावरच खेळून तू मोठी झालीस. तो अडीअडचणीला असतो. मी दर वेळी, दर चौकात, पट्टे दिसायच्या आधीच तो दाबत आलेय. मला पत्ताच नव्हता. तो म्हणाला, "मी एकदाही गाडी थांबवलेली नाही. तुम्हीच थांबवता. तुमचा पाय तिथं आहे म्हणून मी बसू शकतो. फार उपकार आहेत तुमचे." आणि त्यानं हात जोडले.

मी खुर्चीवर बसले. मी ह्या माणसाला एवढे दिवस शिकवलं असं सगळ्यांना सांगत होते. मंडळीत माझं कौतुक चाललंय. आणि मी एक दिवसही त्याच्यावर विश्वास टाकलेला नव्हता. पाय ब्रेकवर ठेवून मी उपकार करत होते. तो नापास माझ्यामुळं झाला.

तरीही मी खूप घासाघीस केली. प्रभूला म्हटलं, तो आपण होऊन जातोय, मी हाकललं नाही. लेक बोलावतेय. पहिलटकरीण आहे, तिला भीती वाटतेय. ह्याहून स्पष्ट वाट तू काय दाखवणार? मी उत्तराची वाट बघितली. उत्तर आलं नाही. फक्त तो माणूस दाराशी पाटी टेकवून ठेवत होता, आणि ह्या खेपेला दार आत ओढायचं त्याच्या लक्षात होतं.

मी म्हटलं, "उद्या सकाळी या."

पुढची परीक्षा मेच्या मध्यावर आहे. मध्ये सोडून आले तर पहिल्यापासून, आणि मला माहीत आहे, एकदा तुझ्या घरी तुझ्या बाळाला मांडीवर घेतलं की मी परत येऊन ह्याच्या शेजारी बसणार नाही. मी तेवढी चांगली नाही. म्हणून आत्ताच.

"संपलं" लिहिलं ते खोटं ठरलं. मुद्दाम नव्हतं, पण ठरलं. तू शिव्या दे. बॅग तशीच पलंगावर आहे, मी बाजूला निजते.

आई

२७ एप्रिल

प्रिय ठिणगी,

तू काही लिहिणार नाहीस हे धरूनच चाललेय. तरी माझं आपलं चालूच. बोलायला दुसरं आहे कोण, मावशीला सांगावं तर गावभर होतं.

पाय ब्रेकपासून लांब ठेवायचा ठरवला, पण जित्याची खोड. पट्टे दिसले की पाय आपसूक पुढं. एकदा चप्पल काढून ठेवली, तर अनवाणी दाबला. शेवटी परवा मी सीटवर चक्क मांडी घातली. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी, गाडीत मांडी! सीटचा पट्टा लावून मांडी घालून बसलेली मास्तरीण. तो बघतच राहिला. मी म्हटलं, "बघताय काय? समोर बघा. आता गाडीला एकच ब्रेक आहे, आणि तो तुमच्या पायाखाली आहे."

"मला जमणार नाही," म्हणाला.

"मलाही जमत नाहीये," मी म्हटलं. "चला."

आणि बाबा गेले त्याच चौकात नेलं त्याला. त्याच. इतके दिवस मी दुसरे चौक घेत होते. पट्ट्यांच्या टोकाला एक बाई उभी होती, कडेवर मूल, हातात पिशवी. ती उतरली रस्त्यावर. मी डोळे मिटले नाहीत, पण मांडीत दोन्ही हातांनी स्वतःचे पाय धरून ठेवले, खरंच सांगते, पळून जाणाऱ्या कोंबड्या धराव्यात तसे. गाडी पुढं जात होती. मी मनात म्हणत होते, दाब, दाब रे बाबा, दाब.

गाडी थांबली. पट्ट्यांच्या चांगली अलीकडे. धक्काही नाही. ती बाई आमच्याकडे न बघता मुलाचं नाक पुसत निघून गेली. तिला काय माहीत!

त्यानं पाय ब्रेकवरून काढलाच नाही. मागचा हॉर्न वाजवून वाजवून थकला. आणि माझ्या तोंडातून निघालं, "शाब्बास, भाऊ." आमेन सवयीनं निघालं होतं. हे सवयीनं नव्हतं. म्हटल्यावर मला स्वतःचीच इतकी भीती वाटली की मी लगेच ओरडले, "इंडिकेटर कोण देणार, माझा आजा?"

घरी येऊन मी बाबांच्या फोटोसमोर उभी राहिले. त्यांना विचारलं, चालेल ना हो? फोटो काय बोलतो. पण मला हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटलं म्हणून अपराधी वाटत होतं. तुझ्याशिवाय हलकं वाटावं हे मला पटत नाही. प्रभू माझं जे घेतोय ते घेतोय, त्याबद्दल त्यानं मला वर शांती देऊ नये, असं मला वाटतं. माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

आता कधीही कळ येईल तुला. घाबरू नकोस. श्वास धरून ठेवायचा नाही, सोडायचा. जावईबापूंचा हात दाब, मोडला तरी हरकत नाही.

आई

२ मे

ठिणगे,

जावईबापूंचा फोन आला. मुलगी झाली, तू सुखरूप आहेस, रडत नाहीस, भूक लागली म्हणतेस. देवाचे उपकार.

मी विचारलं, "तिनं मला कळवायला सांगितलं का?" ते मग म्हणाले, "आई, कळा येत होत्या तेव्हा ती तुम्हालाच हाका मारत होती. आता विचारलं तर नको म्हणते."

ठिणगी, मी तिथं नव्हते. तू हाका मारल्यास आणि मी इथं क्लच सोडायला शिकवत होते. हे मला कुणी बायबलची कितीही वचनं सांगून समजावलं तरी समजणार नाही. पाळक आले होते, पेढे नाही, काही नाही, नुसते शेजारी बसून राहिले. चांगलं केलं. बोलले असते तर मी त्यांना हाकलून दिलं असतं.

आई

१९ मे

प्रिय ठिणगी,

तो पास झाला. परीक्षकांनी कागदावर सही केली. तो बाहेर आला, मी बाकावर बसले होते. आम्ही चहा प्यालो. कालपासून तो पावाची गाडी चालवतो. सकाळी खिडकीतून दिसतो, हळू चालवतो, लोक मागून हॉर्न देतात.

त्यानं तुझ्यासाठी काही निरोप द्यायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, "नको. ती माझी मुलगी आहे, टपालपेटी नाही." त्याला कळलं.

आता माझं ऐक. त्याला माफ कर असं मी तुला कधी सांगणार नाही. आयुष्यात कधीच नाही. तुला कधी तसं सांगायचं असेल तर प्रभू सांगेल, तेव्हा तू त्याच्याशी काय भांडायचं ते भांड. भांडण्यात तू माझ्याहून तयार आहेस. मी मध्ये पडणार नाही.

मी जे केलं त्याचा मला पश्चात्ताप नाही. पुन्हा तो दारात उभा राहिला तर पुन्हा बसा म्हणेन, आणि ह्या खेपेला पहिल्या दिवसापासून मांडी घालून बसेन. पण एक गोष्ट मला आता कळलीय आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला झोप नाही. वधस्तंभ मी उचलला, सगळ्यांनी बघितलं, वाहवा केली. त्याचं दुसरं टोक तुझ्या खांद्यावर टेकलं होतं. तुला कुणी विचारलं नव्हतं. दिवस भरलेली पोर तू, आणि माझ्या आमेनची किंमत तू मोजलीस. ती मी तुला परत करू शकत नाही. प्रभूलाही मी हे सांगितलंय, की हिशेब माझ्याकडून घ्यायचा होता, तिच्याकडून का घेतलास? तो अजून काही बोललेला नाही. मी विचारत राहणार आहे.

मी येतेय. तू बोलावलेलं नाहीस हे मला माहीत आहे. शुक्रवारी सकाळच्या बसनं निघते. तुमच्या रस्त्याच्या टोकाला ते लहान लॉज आहे ना, तिथं खोली ठरवलीय. जावईबापूंना बोलू नकोस, त्यांचा ह्यात हात नाही, मी मावशीकडून लॉजचा नंबर काढला. तिचा एकदाचा काही उपयोग झाला.

रोज सकाळी येऊन दारावरची बेल वाजवीन, एकदाच. उघडलं नाहीस तर लॉजवर परत जाईन आणि दुसऱ्या दिवशी येईन. उघडलंस आणि तोंडावर दार लावलंस तरी चालेल, तेवढ्यात तू दिसशील. उघडून शिव्या दिल्यास तर उभी राहून सगळ्या ऐकेन, मध्ये एक शब्द बोलणार नाही. हे मला किती जड जाईल ते तुला ठाऊक आहेच. बाळ आत झोपलेलं असेल तर झोपू दे, उठवू नकोस, मला दाखवायची घाई नाही. सगळी बाळं गोडच असतात.

मला माझं बाळ बघायचंय.

आई